दुप्पट नफ्याचे दार आणि दहा लाखांची कडी

जव्हार-मोखाड्यात उचल म्हणजे काय, हे कोणाला शिकवावे लागत नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे आगाऊ पैसे घेतात आणि हंगामभर राबून फेडतात. शेअर बाजारातही उचल असते. तेथे थोड्या पैशावर मोठा सौदा करता येतो. नफा वाढतो, तसा तोटाही वाढतो.

अमेरिकेत अशा उचलीवर चालणारे फंड विकले जातात. निर्देशांक दिवसात १ टक्का चढला, तर हे फंड २ टक्के चढतात. काही फंड उलटे. बाजार पडला की ते चढतात. ऐकायला गोड आहे, पण हिशेब मांडून पाहा. निर्देशांक १०० वरून ९० वर आला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा १०० झाला. दुप्पट फंड मात्र १०० वरून ८० वर येतो आणि परत चढताना ९७.७८ वरच थांबतो. बाजार होता तेथे आला, आपले २ रुपये २२ पैसे गेले.

नोव्हेंबर २०१९ मध्ये तेथील नियंत्रक आयोगाने प्रस्ताव मांडला, की असे फंड घेऊ देण्यापूर्वी दलालाने ग्राहकाची ऐपत, अनुभव व समज तपासावी. हजारो पत्रांनी विरोध झाला. ऑक्टोबर २०२० च्या अंतिम नियमात ही अट राहिली नाही.

आपल्याकडे सेबीने साध्या म्युच्युअल फंडांना हा दुप्पट खेळ करू दिलेला नाही. पण फ्युचर्स-ऑप्शन्सचे दार उघडे होते. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तेथे व्यवहार करणाऱ्या १०० पैकी ९३ व्यक्तींना तोटा झाला. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. २०२३-२४ मध्ये यांतील पाऊण हिश्श्याहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न ५ लाखांच्या आत सांगितले होते. म्हणजे बुडाले ते आपल्यासारखेच.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सेबीने निर्देशांकाच्या नव्या सौद्याचे किमान मूल्य १५ लाख ठरवले. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या विशेष गुंतवणूक फंडांना बाजार पडण्यावरही मर्यादित डाव लावता येतो. त्यांत सामान्य गुंतवणूकदाराला किमान १० लाख लागतात.

ही कडी आम्हाला मान्य आहे. पण ती खिसा मोजते, समज मोजत नाही. निवृत्तीचे १० लाख हाती आलेला शिपाई या दारातून सहज आत जाईल. म्हणून तोट्याचा हिशेब मराठीत समजावून, ग्राहकाला तो कळला की नाही हे विचारण्याची सक्ती दलालावर हवी.

तोवर एक पथ्य पाळा. कोणी मोबाईलवर दुप्पट नफा सांगितला, तर आधी विचारा, "बुडाले तर किती बुडतील?" उत्तर कागदावर मिळत नसेल, तर पैसा घरातच राहू द्या.