चुंबक जबर, तार बेजार!

विजेच्या गिटारचा आवाज वाढवायचा तर तिच्यातले लोहचुंबक अधिक ताकदीचे बसवावे, हे गणित कोणालाही चटकन पटावे असेच आहे. आमच्या गोंदियातल्या एका तरुण वादकालाही ते पटले होते. दिवाळी सरली, धानाची कापणी होऊ लागली, की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्र रात्र नाटके रंगतात, ऑर्केस्ट्रा होतात. या हंगामाच्या कमाईवरच त्याच्या घरचे पुष्कळसे वर्ष निघते.

"काका, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड सुरू झाले की माझी गिटार कोणाला ऐकूच येत नाही. मालक म्हणतात, असंच चाललं तर दुसरा वादक बघतो. हिच्यातलं चुंबक बदलून देता का?" असे म्हणत त्याने चकचकीत चकत्यांची एक पुडी माझ्यापुढे ठेवली. ॲम्प्लिफायर उघडून बसण्याचा मला जुना नाद आहे, हे त्याला ठाऊक होते. पण त्याची गिटार एकुलती एक. तेव्हा माझ्याकडच्या जुन्या, स्वस्तातल्या गिटारवर आधी प्रयोग करायचा आणि मग काय ते ठरवायचे, असे आमचे ठरले.

तार कशी बोलते?

विजेच्या गिटारच्या तारांखाली जी छोटी पेटी असते, तिला पिकअप म्हणतात. तिच्यात लोहचुंबक असते आणि त्याभोवती केसाहून बारीक अशा तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतःच थोडी चुंबक बनते. ती थरथरली की वेढ्यांमधले चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होते आणि वेढ्यांत वीज उमटते. फॅरेडेने 1831 साली दाखवलेला हा नियम. धरणावरच्या जनित्रातही तोच राबतो. हा विजेचा क्षीण प्रवाह मोठा करण्याचे काम ॲम्प्लिफायरचे. म्हणूनच अशा पिकअपवर नायलॉनची तार मुकी राहते आणि पितळेचीही बोलत नाही. तिथे पोलादच हवे.

ही युक्ती प्रथम बाजारात आली ती हवाईयन गिटारवर. अमेरिकेत जॉर्ज बोशाम्प याने 1931 साली तिचा लाकडी नमुना केला. पुढच्या वर्षी रिकनबॅकरच्या कारखान्यातून ॲल्युमिनियमची गिटार विक्रीला आली. रूप असे, की लोकांनी तिचे नाव 'फ्राइंग पॅन', म्हणजे तळणीचा तवा, असे ठेवले! तिच्यावर घोड्याच्या नालासारखी दोन जाडजूड चुंबके होती. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी हवाईयन गिटारवर वाजवलेली सिनेगीते ज्यांनी तबकड्यांवर ऐकली आहेत, त्यांना या वाद्याची ओळख वेगळी करून द्यायला नको.

नालासारखी ती अवजड चुंबके पुढे मागे पडली. 1931 सालीच जपानमध्ये तोकुशिची मिशिमा यांना आढळले, की लोखंड व निकेल यांच्या मिश्रणात ॲल्युमिनियम घातले तर जबर चुंबक तयार होते. त्याच कुळातले कोबाल्टयुक्त 'ॲल्निको' पुढे गिटारमध्ये आले. 1954 च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरमध्ये त्याच्याच कांड्या होत्या. मग 1980 नंतर निओडिमियमची चुंबके निघाली. चुंबकाच्या ताकदीचे जे माप शास्त्रज्ञ वापरतात, त्यात ॲल्निकोची गिटारला लागणारी नेहमीची जात 5 च्या आसपास भरते, तर निओडिमियम 35 ते 52! त्या पुडीतल्या चकत्या याच जातीच्या होत्या.

प्रयोग

माझ्या गिटारच्या पिकअपमध्ये सहा लोखंडी खिळे आणि त्यांच्या तळाशी फेराइटची कांडी होती. ती काढून प्रत्येक खिळ्याखाली एक एक चकती बसवली. सर्वांचे एकच ध्रुव वर राहील याची काळजी घेतली. पहिलाच झंकार असा खणखणीत आला, की मुलाचे डोळे चमकले!

पण जाड तार बाराव्या पडद्याच्या पुढे दाबून छेडली, तेव्हा सूर एका जागी ठरेना. वां-वां-वां असे हेलकावे येऊ लागले. मोबाइलवर सूर जुळवण्याचा काटाही जागेवर राहीना. पाण्यात हलणाऱ्या चंद्रासारखी सुराची गत झाली.

कारण सोपे आहे. तार छेडली की ती वरखाली हलते, तशी आडवीही हलते. खालचे चुंबक तिला आपल्याकडे ओढते, त्यामुळे वरखालीची थरथर किंचित मंदावते. आडवीवर तसा परिणाम होत नाही. एकाच तारेतून दोन जवळजवळचे सूर निघतात आणि एकमेकांशी भांडू लागतात. जाड तारेत लोखंड जास्त, म्हणून ओढ जास्त. वरच्या पडद्यांवर तार दाबली की ती चुंबकाच्या आणखी जवळ येते आणि तिथे हा उपद्रव अधिक होतो. स्ट्रॅटोकास्टर वाजवणाऱ्यांनी या व्याधीला 'स्ट्रॅटायटिस' असे नावही दिले आहे!

मग आम्ही स्क्रू फिरवून पिकअप हळूहळू खाली नेला. हेलकावे गेले, पण कमावलेला आवाजही बराचसा गेला. एका हाताने घेतले ते दुसऱ्या हाताने द्यावे लागले. हिशेब शून्यावर आला.

ज्या गिटारमध्ये खिळेच ॲल्निकोचे असतात, तिथे तर आणखी एक भानगड आहे. ते काढून निओडिमियम घातले, तर वेढ्यांचा विद्युतगुण बदलतो आणि आवाज जास्त तीक्ष्ण, काहीसा पातळ होतो.

मग उपाय काय?

मुलाच्या गिटारला आम्ही हात लावला तो फक्त पिकअपच्या उंचीपुरता. शेवटचा पडदा दाबला असता तार आणि खिळा यांत दोन-अडीच मिलिमीटर अंतर ठेवले. ॲम्प्लिफायर तो जमिनीवर ठेवत असे आणि त्याचा आवाज पायांवरच जाई. तो स्टुलावर चढवून किंचित कलता ठेवला, खर्ज कमी केला आणि मधले स्वर वाढवले. गर्दीत माणसाचा कान त्या मधल्या स्वरांनाच आधी ओळखतो. तालमीत मालकांनी मान वळवून पाहिले, आणि हंगामासाठी त्याचे नाव कायम झाले.

मंडपातल्या दिव्यांमुळे येणारी घरघर हा निराळा विकार. त्यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर याने 1955 साली पेटंटसाठी मांडलेली उलटसुलट दोन वेढ्यांची युक्ती उपयोगी पडते. नुसते चुंबक वाढवून ती घरघर जात नाही.

आता घरात मुले असणाऱ्यांसाठी एक सूचना. निओडिमियमच्या छोट्या चकत्या आता सहज मिळतात. एकाहून जास्त चकत्या पोटात गेल्या तर त्या आतड्याच्या पडद्याआडून एकमेकींना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकते. असा संशय आला तरी तडक इस्पितळ गाठावे. शिवाय साध्या जातीच्या चकत्या 80 अंशांच्या वर तापल्या की कायमचा जोर गमावतात. म्हणून त्यांच्याजवळ डाख देण्याची कढत सळई नेऊ नये.

ती पुडी आता माझ्या कपाटात, वरच्या फळीवर, पत्र्याच्या डबीत आहे. चुंबकाने तारेला जागे करावे, एवढेच त्याचे काम. त्याने तिला धरून ठेवले, तर तिने गावे तरी कसे?