सीडीतली तपासणी उघडायची कशी?



तलासरी, डहाणू आणि आपल्या बोर्डीच्या आसपासच्या पाड्यांवरून रुग्णांना सीटी स्कॅन किंवा एमआरआयसाठी वलसाडला, नाहीतर मुंबईला न्यावे लागते. आपल्यापैकी अनेक जण सोबत जातात. परतताना हातात तीन वस्तू असतात: रिपोर्ट, काळ्या फिल्म आणि एक सीडी. रिपोर्ट जपला जातो. सीडी मात्र कुडाला टांगलेल्या पिशवीत चुलीचा धूर खात राहते. पुढे दुसरे डॉक्टर ती मागतात आणि ती उघडली नाही, तर तपासणी पुन्हा करायची वेळ येते. म्हणजे पुन्हा खर्च, पुन्हा बुडालेली मजुरी, आणि सीटी असेल तर अंगावर पुन्हा क्ष-किरण. म्हणून ही सीडी कशी उघडावी ते मी इथे सांगतो. ज्याला संगणकावर पत्र टाइप करता येते, त्याला हेही जमेल.

सीडीत मोबाइलसारखे साधे फोटो नसतात. त्या फाईलींना ‘डायकॉम’ म्हणतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांची चित्रे एकमेकांना वाचता यावीत म्हणून अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ आणि उपकरण-उत्पादक यांच्या संघटनांनी १९८५ मध्ये एक सामाईक पद्धत ठरवली. १९९३ मध्ये तिला डायकॉम हे नाव मिळाले. प्रत्येक फाईलीत चित्राबरोबर रुग्णाचे नाव, तपासणीची तारीख आणि मापेही असतात. एका सीटीत अशा शेकडो फाईली असू शकतात, कारण पाव कापावा तसे शरीराचे पातळ काप चित्रात घेतलेले असतात.

आता कृती.

१. संपूर्ण सीडी संगणकावर एका नव्या फोल्डरमध्ये उतरवून घ्या. एकही फाईल वगळू नका, नावे बदलू नका. ‘डायकॉमडिर’ नावाची फाईल म्हणजे सगळ्या चित्रांची अनुक्रमणिका असते.

२. सीडीत बहुधा पाहण्याचे सॉफ्टवेअर असतेच, पण ते अनेकदा फक्त विंडोजवर चालते. ते चालले नाही, तर विंडोजसाठी मायक्रोडायकॉम किंवा मॅकसाठी होरोस घ्या. बिगर-व्यावसायिक वापरासाठी दोन्ही मोफत मिळतात.

३. सॉफ्टवेअर आधी सुरू करा आणि त्यातून पूर्ण फोल्डर उघडा. एकाच फाईलीवर क्लिक केले तर एकच काप दिसतो. फोल्डर दिला की सॉफ्टवेअर काप क्रमाने लावते. माउसचे चाक फिरवून ते एकामागून एक पाहता येतात.

४. नाव, वय आणि तारीख रिपोर्टशी ताडून पाहा. एकाच आडनावाची अनेक घरे असलेल्या पाड्यांत हे फार महत्त्वाचे आहे.

चित्र अगदी काळे किंवा पांढरे दिसले तर घाबरू नका. सीटीत पाण्याला शून्य, हवेला उणे १००० असे आकडे दिलेले असतात, आणि हाडाचे आकडे शेकड्यांत जातात. इतक्या छटा पडद्यावर एकदम मावत नाहीत. म्हणून ‘विंडो’ बदलावी लागते: एका विंडोत फुप्फुस स्पष्ट दिसते, दुसरीत हाड. फिल्मवर छापलेली विंडो मात्र बदलता येत नाही. सीडीचे मोल आहे ते यासाठी.

याच कारणाने, फिल्म खिडकीशी धरून काढलेला मोबाइलचा फोटो डॉक्टरांना पुरत नाही. पाठवायचेच असेल तर पूर्ण फोल्डर झिप करून पाठवा. पण त्यात रुग्णाचे नाव असते, म्हणून आधी त्याला विचारा आणि गटावर टाकू नका.

एक मर्यादा पाळू या. फाईल उघडून देणे आपले काम. चित्र वाचणे डॉक्टरांचे. “हा डाग कसला?” असे रुग्णाने विचारले, तर अंदाज सांगू नका.

आपली एक मदत हवी आहे. हल्लीच्या लॅपटॉपना सीडीची खाच नसते. आपल्या घरी बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह पडून असेल तर तो आम्हाला द्या. आणि पुढच्या वेळी रुग्णासोबत जाल, तेव्हा तपासणी केंद्रातून निघण्यापूर्वीच सीडी उघडते ना, ते तिथल्या संगणकावर पाहून घ्या.