रोलिंग कोल
रोलिंग कोल म्हणजे डिझेल वाहनात फेरफार करून त्यातून मुद्दाम दाट काळा धूर सोडण्याची पद्धत होय. ती मुख्यतः अमेरिकेतील पिकअप ट्रकांच्या हौशी मालकांमध्ये आढळते.

कार्यपद्धती
डिझेलच्या पूर्ण ज्वलनासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे १४.५ पट हवा लागते. इंजिनाच्या संगणकीय नियंत्रणात बदल करून उपलब्ध हवेच्या मानाने जास्त इंधन सोडल्यास ज्वलन अपुरे राहून काजळी तयार होते. एरवी ती निष्कास नळीतील कणरोधक गाळणीत अडकते. म्हणून ही गाळणी काढून टाकली जाते. काहीजण मालवाहू भागात उभी धुराडी बसवतात.

काळा धूर हे जास्त शक्तीचे लक्षण मानले जाते; प्रत्यक्षात तो अर्धवट जळालेल्या, म्हणजेच वाया गेलेल्या, इंधनाचा असतो. टर्बोचार्जरद्वारे त्याच इंधनास अधिक हवा पुरवल्यास धूर उलट कमी होतो.

आरोग्य व कायदा
काजळीचे सूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर जातात. डिझेल इंजिनाचा धूर कर्ककारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले. उत्सर्जन नियंत्रक यंत्रणा काढणे अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार बेकायदेशीर आहे. न्यू जर्सी राज्याने २०१५ मध्ये या पद्धतीवर स्वतंत्र बंदी घातली.