उत्तर माहीत असलेल्या प्रश्नापासून सुरुवात

संगणकावर प्रवाहाचं गणित करायला सुरुवात कशी करावी, हा आजचा विषय. यालाच सीएफडी म्हणतात. पाइपातलं पाणी, पंख्याभोवतीची हवा, शिरेतलं रक्त, सगळं यात येतं. नवख्या माणसाची अडचण अशी, की संगणक काही ना काही उत्तर देतोच. चूक असो वा बरोबर, चित्र तितकंच रंगीत आणि देखणं. मग त्यावर विश्वास ठेवायचा कधी?

आधी हे होतं कसं ते बघू. प्रवाहाची समीकरणं, म्हणजे नेव्हिए-स्टोक्सची, दीडशेहून जास्त वर्षं आपल्याकडे आहेत. पण बहुतेक प्रश्नांत ती कागदावर सुटत नाहीत. म्हणून आपण जागेचे छोटे छोटे कप्पे पाडतो. ही झाली जाळी. वेळेचेही तुकडे करतो. मग प्रत्येक कप्प्यात आत किती आलं, बाहेर किती गेलं, याचा हिशेब मांडतो. दुकानातला जमाखर्चच म्हणा ना.

असाच हिशेब लुईस फ्राय रिचर्डसन यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात हातानं केला होता. 20 मे 1910 हा होऊन गेलेला दिवस त्यांनी घेतला आणि युरोपातल्या एका ठिकाणी सहा तासांत हवेचा दाब किती बदलेल ते काढलं. उत्तर आलं 145 हेक्टोपास्कल. प्रत्यक्षात दाब जवळजवळ स्थिर होता! मुख्य कारण असं, की सुरुवातीला घेतलेल्या वाऱ्याच्या आणि दाबाच्या आकड्यांचा एकमेकांशी मेळ नव्हता. पण मुद्दा वेगळाच आहे. उत्तर चुकलं हे कळलं, कारण खरं उत्तर हाताशी होतं. 1922 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी ते लपवलं नाही, छापलं.

आपणही तसंच करायचं. ओपनफोम हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यातला पहिला धडा म्हणजे एक चौकोनी डबा. तीन भिंती स्थिर, वरचं झाकण सरकतंय. बाजू 10 सेंटीमीटर, झाकणाचा वेग सेकंदाला 1 मीटर, कप्पे 20 गुणिले 20. वेळेची पायरी 0.005 सेकंद. एवढीच का? तर कप्पा आहे 5 मिलिमीटरचा. झाकणाजवळचा द्रव एका पायरीत फार तर एक कप्पा ओलांडतो. पायरी याहून मोठी घेतली तर हिशेब भरकटू शकतो. कूरांट, फ्रीड्रिख्स आणि लेवी यांनी 1928 मध्ये मांडलेल्या अटीचं हे मर्म. म्हणून जाळी दुप्पट बारीक केलीत, की पायरी निम्मी करा.

या धड्यात रेनॉल्ड्स अंक 10 आहे. द्रवाच्या चिकटपणाचा आकडा 0.01 ऐवजी 0.001 करा, तो 100 होईल. धडा 0.5 सेकंदावर थांबतो, तुम्ही थांबू नका. आकडे बदलायचे थांबेपर्यंत गणित चालू द्या.

आता पडताळा. ऊर्मिला घिया, कीर्ती घिया आणि शिन यांनी 1982 मध्ये याच डब्याची कोष्टकं प्रसिद्ध केली. डब्याच्या मधोमध उभी रेघ कल्पा. तिच्यावर द्रवाचा उलट दिशेचा जास्तीत जास्त वेग झाकणाच्या वेगाच्या साधारण 0.21 पट येतो. तुमचा किती आला? 20 कप्प्यांवर बघा, मग 40, मग 80. दर वेळी उत्तरातला फरक कमी होत गेला पाहिजे. होत नसेल तर चित्र कितीही छान दिसो, गणितात गडबड आहे.

हे सगळं कशासाठी? कारण उद्या तुमच्या चित्रावरून कुणी चिमणीची उंची ठरवेल, कुणी रक्ताच्या पंपाचा आकार ठरवेल. त्या प्रश्नांची उत्तरं कुठल्या कोष्टकात नसतील. पण जाळी बारीक करून बघायची ही सवय तिथेही चालते. तेव्हा चित्र दाखवाल त्या दिवशी शेजारी तीन जाळ्यांचे तीन आकडेही ठेवा. समोरच्यानं मागितले नाहीत, तरी ठेवा.