खिळ्यातील प्रांत आणि तबकडीवरील मजकूर

घरातला एक साधा खिळा घ्या. लोखंडाचा प्रत्येक अणू हा स्वतः एक चिमुकला लोहचुंबकच असतो. मग हा खिळा शेजारची टाचणी का ओढून घेत नाही?

फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर वाइस यांनी १९०७ साली असे सुचविले की, लोखंडाचे अंतरंग लहान लहान प्रांतांत विभागलेले असते. एका प्रांतातले सारे अणू एकाच दिशेला तोंड करून असतात. शेजारच्या प्रांताची दिशा निराळी. त्यामुळे त्यांची ओढ आपापसांतच जिरते. १९१९ साली जर्मनीत बार्कहाउझेन यांनी लोखंडाभोवती तारेचे वेटोळे घालून जवळ चुंबक नेला, तेव्हा ध्वनिवर्धकातून कडकड असा आवाज आला. लोखंडाचे चुंबकत्व सलग न वाढता झटक्याझटक्याने वाढते, हे कानांना कळले. १९३१ साली बिटर यांनी बारीक चुंबकीय भुकटी पसरून प्रांतांच्या सीमा सूक्ष्मदर्शकाखाली दाखविल्या.

पण प्रांत पडतात कशासाठी? सारे अणू एकदिश झाले, तर चुंबकाचे क्षेत्र बाहेर पसरते आणि त्यात ऊर्जा खर्ची पडते. उलटसुलट दिशांचे प्रांत पाडले की ती वाचते. मात्र भावाभावांत शेत वाटले की प्रत्येक नव्या बांधाखाली थोडी जमीन जाते, तशी प्रत्येक सीमेलाही ऊर्जा मोजावी लागते. म्हणून वाटणी एका मर्यादेवर थांबते. हा हिशेब लांडाउ आणि लिफ्शिट्स यांनी १९३५ साली मांडला.

आता मिलिमीटरचे दहा लाख भाग करा आणि असल्या दहावीस भागांइतका पातळ थर कल्पा. जाड लोखंडात सीमेवरचे अणू दिशा पालटताना सीमेच्या पातळीतच क्रमाक्रमाने वळत जातात. पातळ थरात तसे वळायचे तर मध्ये त्यांना उभे राहावे लागेल, आणि थराच्या दोन्ही पृष्ठांवर ध्रुव उघडे पडतील. तो खर्च टाळण्यासाठी ते थरात आडवे राहूनच वळतात, असे नेल यांनी १९५५ साली दाखविले. केवळ जाडी बदलली आणि बांधाचे रूप पालटले!

श्रोतेहो, हा नुसता प्रयोगशाळेतला खेळ नव्हे. संगणकाच्या चुंबकीय तबकडीवर कोबाल्टच्या मिश्रधातूचा असाच पातळ थर असतो. त्यात काही प्रांत वर तोंड केलेले, काही खाली. त्यांतूनच आपली खाती, दस्तऐवज आणि छायाचित्रे लिहिली जातात. सीमा सरकून मजकूर बिघडू नये, म्हणून हा थर एकमेकांपासून अलग ठेवलेल्या सूक्ष्म कणांचा करतात. कण जितके लहान, तितका मजकूर अधिक मावतो. पण कण फारच लहान झाला, तर खोलीतली साधी ऊबही त्याची दिशा उलटवू शकते आणि लिहिलेले आपोआप पुसले जाते. हट्टी द्रव्य वापरावे, तर त्यावर लिहिणेच कठीण! म्हणून आता काही तबकड्यांत लिहिण्यापुरती ती जागा लेसर किरणाने क्षणभर तापवितात.

खिळ्याचे अणू परस्परांत वाटणी करून आपले चुंबकत्व लपवितात. तबकडीवर तीच वाटणी माणसाने स्वतः आखली आणि तिची अक्षरे केली. ती टिकवायची, तर निसर्गाचा हिशेब चुकवून चालत नाही.