मॉरिशस : सवलतीच्या छायेत आणि तिच्या पलीकडे

हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे २,००० किलोमीटर अंतरावर मॉरिशस हे ज्वालामुखीतून जन्मलेले बेट आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ अवघे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ निम्मे. मध्यभागी पठार, भोवती ८२८ मीटरपर्यंत उंचीचे डोंगर आणि किनाऱ्याला प्रवाळाचे कडे, असे त्याचे रूप आहे. खनिज तेल नाही, धातूंच्या खाणी नाहीत. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास असून धान्य व इंधन बहुतांशी बाहेरून आणावे लागते. असा देश समृद्ध कसा झाला, हे व्यापारी कुटुंबांनी अवश्य समजून घ्यावे.

गुलामगिरी संपुष्टात येताच मळेवाल्यांनी १८३४ पासून भारतातून करारबद्ध मजूर नेण्यास आरंभ केला. त्यांत कोकण व घाटमाथ्यावरचे मराठी मजूरही होते. ते ज्या धक्क्यावर उतरले, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. मराठी भाषा तेथील शाळांतून आजही शिकविली जाते आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

१९६८ साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा निर्यातीचा जवळजवळ सारा भार एकट्या साखरेवर होता. त्याआधी १९६० च्या 'कॅरोल' चक्रीवादळाने उसाची दाणादाण उडविली होती. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ मध्ये या बेटाविषयी निराशेचाच सूर लावला होता. तो खोटा ठरला, याचे कारण देशाने एकाच पिकावर विसंबणे सोडले. १९७० मध्ये निर्यातीसाठी खास कायदा करून कापड उद्योग उभारला गेला, नंतर पर्यटन आणि वित्तसेवांची जोड मिळाली.

या यशामागे सवलतीही होत्या. १९७५ पासून युरोपने साखरेला हमीभाव दिला, तर भारताशी १९८२ मध्ये झालेल्या करविषयक करारामुळे भारतात येणारे भांडवल मॉरिशसमार्गे वळले. परंतु सवलत ही मालकीची जमीन नव्हे, ती भाड्याची जागा असते. कापडाचे जागतिक कोटे २००५ पासून संपले, साखरेचा हमीभाव २००९ मध्ये गेला आणि २०१६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या भारतीय समभागांवरील भांडवली नफा भारतात करपात्र झाला. २०२० मध्ये महामारीने सीमा बंद झाल्या, त्यातच 'वाकाशिओ' जहाजाच्या तेलगळतीने आग्नेय किनारा काळवंडला. तरीही देश कोलमडला नाही. कच्च्या साखरेऐवजी शुद्ध व विशेष प्रतीची साखर, उसाच्या चिपाडापासून वीज, असे नवे मार्ग त्याने शोधले होते. २०२१ मध्ये भारताशी व्यापारी सहकार्याचा करारही झाला. कोणत्याही आफ्रिकी देशाशी भारताने केलेला असा हा पहिलाच करार होय.

प्रवासाच्या दृष्टीने मे ते ऑक्टोबर हा काळ थंड व कोरडा असतो. जानेवारी ते मार्चमध्ये चक्रीवादळांची भीती अधिक. मुंबईहून थेट विमानाने सुमारे सहा तास लागतात आणि घड्याळ दीड तास मागे घ्यावे लागते. भारतीय पर्यटकांना आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही, मात्र परतीचे तिकीट, निवासाची नोंद व पुरेशी रक्कम यांचा पुरावा जवळ ठेवावा. तेथील रुपया आपल्या रुपयाहून महाग आहे, हे खर्चाचा अंदाज बांधताना विसरू नये. फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआयची सोयही सुरू झाली आहे.

शाकाहारी मंडळींना रस्त्यावरची चण्याच्या डाळीची 'दालपुरी' सहज मिळते. तिच्यासोबतच्या रश्श्यात व चटणीत कांदा-लसूण असतो, तेव्हा कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी हॉटेलला तशी पूर्वसूचना द्यावी, कारण तेथे रात्रीचे जेवण उशिरा सुरू होते. सोबत थोडा कोरडा फराळ असलेला बरा.

समुद्रकिनारे पाहून परतणारे पुष्कळ. तथापि सवलत चालू असतानाच ती संपल्यानंतरची तरतूद करावी, हा या बेटाच्या ताळेबंदातील धडा घरी आणला, तर प्रवासखर्च वसूल झाला असे समजावे.