लाल कंदिलातला लाल कुठे गेला?

गेल्या दिवाळीत आमचा कंदील रुसला. चांदणीचा, लाल-पिवळ्या कागदाचा, दर वर्षी माळ्यावरून काढून झटकून टांगायचा. त्यात पूर्वी साठ वॅटचा साधा बल्ब असे. या वेळी नऊ वॅटचा पांढराशुभ्र एलईडी लावला. उजेड भरपूर पडला, पण लाल कागद विटलेल्या साडीसारखा दिसू लागला. शेजारच्या काकूंनी खालूनच निकाल दिला, "जुना झाला हो, नवीन घ्या." आम्ही कंदील तोच ठेवला आणि बल्ब बदलला. पिवळसर उजेडाचा एलईडी लावताच कागद पुन्हा लालबुंद झाला.

कारण सोपं आहे. रंगीत कागद स्वतःचा रंग उजेडात मिसळत नाही. येणाऱ्या प्रकाशातले बाकीचे रंग तो गिळतो आणि आपल्या रंगाला वाट देतो. मुळात लाल आलाच नाही, तर कागद तो आणणार कुठून? तापलेल्या तारेच्या बल्बमध्ये लाल रंगाची चंगळ असते. पांढरा एलईडी मात्र जन्माने निळा. गॅलियम नायट्राइडचा छोटासा तुकडा निळा प्रकाश देतो आणि त्यावरचा फॉस्फरचा थर त्यातला काही भाग पिवळ्यात बदलतो. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरं दिसतं, पण गडद लाल त्यात तोकडाच राहतो. पिवळसर एलईडीत फॉस्फरचं मिश्रण बदलून निळा कमी आणि लाल जास्त केलेला असतो. लाल एलईडी १९६२ पासून होता; चमकदार निळा यायला १९९० चं दशक उजाडलं. त्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

दुकानात बल्बच्या खोक्यावर २७०० किंवा ६५०० असा आकडा आणि पुढे 'के' लिहिलेलं असतं. तो केल्विन. गंमत अशी, की उबदार दिसणाऱ्या पिवळ्या उजेडाचा आकडा लहान आणि थंड पांढऱ्याचा मोठा. लोहाराच्या भट्टीत लोखंड आधी लाल होतं, मग पिवळं आणि फारच तापलं की पांढरं. हे माप त्याच हिशेबाचं आहे. पणतीची ज्योत या मापावर सुमारे १९०० ला येते. म्हणून पणत्यांच्या ओळीशेजारी २७०० ची माळ शोभते आणि ६५०० ची उपरी वाटते.

थंडीतच ही रोषणाई का हवीशी वाटते? दिवस लहान असतो, हे झालंच. पण २२ डिसेंबरच्या आसपास दिवस सर्वांत लहान असला, तरी सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो त्या दिवशी नव्हे. मुंबईत नोव्हेंबरच्या उत्तरार्धातच सहाच्या सुमारास सूर्य बुडतो. २२ डिसेंबरला त्याला पाच-सहा मिनिटं उशीर होतो. पृथ्वीचा कललेला अक्ष आणि तिची लंबगोल कक्षा यांमुळे या दिवसांत खरी दुपार घड्याळापेक्षा रोज काही सेकंद पुढे सरकते आणि संध्याकाळही तिच्यासोबत सरकते. बहुतेक वर्षी सर्वांत लवकर काळोख पडणारे हे दिवस कार्तिकात किंवा त्याला लागून येतात. आकाशदिवा महिनाभर लावायचा तोही कार्तिकातच.

आता माळांकडे वळू. विजेच्या माळेचा इतिहास थंडीतलाच आहे. एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी डिसेंबर १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या घरी नाताळच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे लावले. आपल्याकडच्या जुन्या माळा आठवा. एक बल्ब गेला की अख्खी माळ ठप्प. बल्ब एकामागोमाग एकाच तारेत ओवलेले असल्यामुळे वीज प्रत्येकातून जाऊनच पुढे जायची. चाळीस बल्ब असले तर २३० व्होल्टची वाटणी होऊन प्रत्येकाला पावणेसहा व्होल्ट मिळायचे. मग आम्ही काय करायचो? गेलेला बल्ब कापून दोन्ही टोकं पिळून जोडायचो. असे पाच बल्ब काढले की उरलेल्या पस्तिसांच्या वाट्याला साडेसहाहून जास्त व्होल्ट यायचे. माळ पूर्वीपेक्षा झगझगीत दिसायची, सगळे खूश व्हायचे आणि तुळशीच्या लग्नाआधी आणखी दोन-तीन बल्ब जायचे.

एलईडीच्या स्वस्त माळेचाही एक प्रयोग घरी करता येतो. अंधारात माळेचं टोक झोक्यासारखं हलवा. सलग रेषेऐवजी ठिपक्यांची ओळ दिसली, तर ते दिवे सेकंदाला ५० किंवा १०० वेळा लुकलुकत आहेत. तारेचा बल्ब दोन ठोक्यांमध्ये गार होत नाही, त्यामुळे त्याची लुकलुक झाकली जाते. एलईडी वीज थांबताक्षणी विझतो. काहींचं डोकं अशा उजेडात दुखतं. ज्यांना त्रास होतो, त्यांनी ठिपके न दिसणारी माळ निवडावी.

खर्चाची चिंता मात्र नको. पाच वॅटची एलईडी माळ रोज सहा तास, तीस दिवस लावली तरी वीज जळते ०.९ युनिट. चिंता करायची ती तारेची. दिवे तीन व्होल्टचे असले, तरी थेट प्लगवर चालणाऱ्या माळेची उघडी तार हाताला लागली तर २३० व्होल्टचा झटका बसू शकतो. गॅलरीच्या लोखंडी ग्रिलला माळ गुंडाळताना कडेवर घासून तारेचं आवरण निघतं आणि पहाटेचं दव उरलेलं काम करतं. बाहेर लावायची माळ बाहेरच्यासाठी बनवलेलीच घ्यावी. अ‍ॅडॉप्टरवर कमी व्होल्टने चालणारी असेल तर उत्तम.

राहिला प्रश्न घर उजळण्याचा. आपला डोळा उजेडाची बेरीज करत बसत नाही, तो गुणोत्तर पाहतो. अंधाऱ्या खोलीत एका पणतीच्या दोन झाल्या, तर लगेच कळतं. वीस वॅटची एलईडी ट्यूब साधारण दोन हजार ल्युमेन देते, म्हणजे जवळपास दीडशे मेणबत्त्यांइतका उजेड. तिच्यापुढे एक पणती वाढली काय नि विझली काय! शिवाय पांढऱ्या उजेडातला निळा भाग रात्री वेगळंच काम करतो. डोळ्याच्या पडद्यावरच्या काही पेशी, ज्यांचा शोध २००२ मध्ये लागला, निळसर प्रकाश टिपून मेंदूला 'अजून दिवस आहे' असा निरोप देतात आणि झोप आणणारं मेलॅटोनिन मागे हटतं. मंद, पिवळसर उजेडात हा निरोप बराच दुबळा होतो.

तेव्हा यंदा बाजारात आणखी एक माळ घ्यायला निघण्याआधी एक करून पाहा. संध्याकाळी कंदील, पणत्या, असेल ती माळ लावा आणि दिवाणखान्यातली ट्यूब बंद करा. पाच मिनिटं डोळ्यांना सरावू द्या. त्यानंतरही घर उजळलेलं वाटलं नाही, तरच खरेदीला निघा.